सोसायटीच्या परसातली माती तपासून घेताना : तेरा महिन्यांचा हिशेब

भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गापासून दोन गल्ल्या आत आमची इमारत आहे. तिच्या मागं चौदा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. लॉकडाउनमध्ये आम्ही काही जणींनी तिथं वाफे केले. लाल माठ, मेथी, वांगी, मिरची, कोपऱ्यात कढीपत्ता. भिंतीला लागून तळमजल्यावरच्या आजींचं अळू तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं.

२०२३च्या दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरची दोन वर्षांची चिमुरडी तिथली माती खाताना सापडली. आणखी दोन-तीनदा तसंच झालं, तेव्हा तिची आई तिला बालरोगतज्ज्ञांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्तातलं लोह तपासलं, शिसंही तपासून घ्यायला सांगितलं (ते मर्यादेत आलं) आणि विचारलं, "माती कुठली आहे? तिथं आधी काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर इमारतीत कोणापाशीच नव्हतं. त्याच मातीतली भाजी माझी मुलं तीन वर्षं खात होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून ठरवलं की माती तपासून घ्यायची.

मला वाटलं, यासाठी सरकारी योजना असेलच. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५पासून आहे, हे माहीत होतं. एका माती परीक्षण केंद्रात फोन केला, मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वतः गेले. अर्जात गट नंबर किंवा सर्व्हे नंबर लागतो, सोबत सातबारा. आमच्याकडं सातबारा कुठला? मुंबईत सोसायटीची मिळकत पत्रिका असते, तिच्यावर सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं की ही योजना शेतकऱ्यांसाठी आहे. मग त्यांनीच एक नमुना पत्रिका पुढं केली. तिच्यावर बारा गोष्टी होत्या : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही, कीटकनाशकांचं तर नावही नाही. "मॅडम, ही पत्रिका पिकाला काय कमी पडतंय ते सांगते. तुम्हाला नको ते काय आहे, ते बघायचंय. ती तपासणी वेगळी." एवढं एक वाक्य पदरात पडलं म्हणून त्या अर्ध्या दिवसाच्या रजेचं मला वाईट वाटत नाही. पत्रिकेत तांबं आणि जस्त असतात, पण ते झाडाला उपलब्ध होणारे. मातीतली एकूण धातू मोजायची तर माती तीव्र आम्लात विरघळवावी लागते. तुमच्याकडं आरोग्य पत्रिका असेल आणि तिच्यात तांबं ठीक दिसत असेल, तर तो आकडा एकूण तांब्याचा समजू नका.

१९ नोव्हेंबरला, रविवारी, कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी काकांची काळजी मला पटण्यासारखी होती. रिपोर्ट वाईट आला आणि बाहेर गेला, तर फ्लॅटच्या किमतींचं काय? भाड्यानं राहणारे काय म्हणतील? तासभर बोलणं झालं. शेवटी ठराव झाला तो असा : तपासणीला परवानगी, खर्च सोसायटीच्या फंडातून नाही, रिपोर्ट आधी कमिटीपुढं ठेवायचा. अकरा घरांनी वर्गणी काढली. ठरावाची झेरॉक्स मी घेऊन ठेवली आणि पुढं तिचा फार उपयोग झाला, कारण प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ग्राहक म्हणून सोसायटीचं नाव लिहायचं तर कोणीतरी अधिकार दिलेला असावा लागतो.

निफाडला माझा मावसभाऊ द्राक्षं करतो. युरोपला माल पाठवणाऱ्यांच्या घरात रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) हा शब्द मीठ-मिरचीसारखा बोलला जातो. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हा त्यांच्या गावात काय झालं ते मी त्याच्याकडून अनेकदा ऐकलंय. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लॅबचं नाव मोठं बघू नकोस, स्कोप बघ." एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. त्याची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या पदार्थात, कोणता घटक, कोणत्या पद्धतीनं मोजण्यासाठी मान्यता आहे, याची लांबलचक यादी असते. ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येते. पाण्यातलं शिसं मोजायची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला मातीतलं शिसं मोजायची मान्यता असेलच असं नाही. मी सहा याद्या वाचल्या. माती, धातू आणि कीटकनाशकं असं तिन्ही असणाऱ्या दोनच निघाल्या. त्यातली नवी मुंबईतली, रबाळे एमआयडीसीतली निवडली, कारण ठाण्याला गाडी बदलली की ट्रान्सहार्बरच्या लोकलनं पोचता येतं.

दर असे होते. सहा धातूंचं पॅकेज एका नमुन्याला २,४०० रुपये. कीटकनाशकांची एकत्रित चाचणी ५,५०० रुपये. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. आम्ही आधी फक्त धातू तपासायचं ठरवलं.

३ डिसेंबरला नमुने घेतले. परसाचे तीन भाग केले. इमारतीच्या भिंतीलगतची पट्टी 'अ', मधले वाफे 'ब', मागच्या कंपाउंडलगतचा भाग 'क'. कंपाउंडपलीकडं गाळे आहेत आणि त्यातल्या एकात पूर्वी इलेक्ट्रोप्लेटिंग चालायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मनात धास्ती 'क'ची होती. भावानं सांगितल्याप्रमाणं प्रत्येक भागात नागमोडी फिरत दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे केले, कडेची वीतभर खोलीपर्यंतची माती घेतली, एकत्र केली, गोल पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकले. असं अर्धा किलो उरेपर्यंत. मग माती गच्चीत सावलीत वाळवली. भांडुपची काळसर माती वाळली की दगडासारखे ढेकळ होतात. ते फोडायला मी सासूबाईंचा पितळी खलबत्ता घेतला. घासूनपुसून, धुऊन, कोरडा करून. त्या वेळी मला वाटलं होतं की मी किती काळजीनं काम करतेय.

५ डिसेंबरला नमुने दिले. तीन नमुन्यांचे जीएसटीसह ८,४९६ रुपये. पावतीवर रिपोर्टची तारीख २१ डिसेंबर.

रिपोर्ट ईमेलनं आला तेव्हा मी लोकलमध्ये होते. क्रोमियम तिन्ही नमुन्यांत १७०च्या वर, निकेल नव्वदीत (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति किलो). तांबं ६४०, ५९०, ६१०. जस्त ४१०, ३८०, ३९५. शिसं 'अ'मध्ये ४३०, 'ब'मध्ये ९६, 'क'मध्ये १०५. कॅडमियम तिन्हीकडं मोजता येण्याच्या मर्यादेखाली. मी फोनवर क्रोमियम शोधलं, पहिल्याच पानावर कर्करोग आला आणि मी विक्रोळीला उतरून फलाटावरच्या बाकड्यावर बसून राहिले. माणसाला आकडे समजत नसतात तेव्हा प्रत्येक आकडा सारखाच भयंकर वाटतो. तुम्हाला असा रिपोर्ट आला तर त्या दिवशी कोणालाही फॉरवर्ड करू नका. मी तो इमारतीतल्या एका मैत्रिणीला पाठवला आणि रात्रीपर्यंत निम्म्या वाफ्यांतली भाजी उपटली गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फोन केला. रिपोर्टवर सही करणाऱ्या विश्लेषक बाई बोलायला तयार झाल्या, हे आमचं भाग्य. त्यांचा पहिलाच प्रश्न : "मॅडम, माती कशात कुटली?"

मी सांगितलं.

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जुन्या पितळेत थोडं शिसंही असतं. तुमच्या मातीत बारीक दगड आहेत, ते पितळ घासतात. तिन्ही नमुन्यांत तांबं आणि जस्त दोन्ही वाढलेत आणि जवळजवळ सारखेच वाढलेत. तीन वेगळ्या जागांची माती अशी एकसारखी बिघडत नाही."

आणि क्रोमियम? त्यांनी उलट विचारलं, "तुलनेला कुठली माती दिलीत?" आम्ही दिलीच नव्हती. मुंबईखाली बेसॉल्ट आहे, दख्खनचा काळा पाषाण. त्या दगडातच क्रोमियम, निकेल, तांबं मुबलक असतं, म्हणून त्यापासून झालेल्या मातीतही असतं. प्लेटिंगच्या कारखान्यातून येणारं घातक क्रोमियम षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) असतं आणि ते मोजायची चाचणी निराळी. एकूण क्रोमियमच्या एका आकड्यावरून ते दगडातून आलं की गाळ्यातून, हे कोणीच सांगू शकत नाही. त्याच प्रकारच्या दगडावरची, पण रस्त्यापासून, वस्तीपासून लांबची माती शेजारी ठेवली तर सांगता येतं.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरते. आदल्या दिवशी मी ती वाचून सोडून दिली होती. आता तिचा अर्थ कळला. ते यंत्र दहा लाखांत एक भाग अचूक मोजतं, पण मी खलबत्त्यातून घातलेलं तांबं ते काढून टाकू शकत नाही. पावती ८,४९६ रुपयांची होती, तीही लोकांच्या वर्गणीची. मी कमिटीपुढं जाऊन ते सगळं जसं घडलं तसं सांगितलं. कोणी रागावलं नाही. सेक्रेटरी काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी विचारू, मग खणू."

आणि आम्ही खरंच विचारायला बसलो. हे काम आम्ही नोव्हेंबरमध्ये करायला हवं होतं. त्याला एक पैसाही लागत नाही. तळमजल्यावरच्या आजी १९८४पासून इथं राहतात. त्यांनी सांगितलं की सुरुवातीला मागं मुंग्यांचा फार त्रास होता, तेव्हा त्यांचे यजमान भिंतीच्या कडेनं गॅमेक्सिनची पावडर टाकायचे, वर्षानुवर्षं. सेक्रेटरी काकांनी जुन्या फायली काढल्या. ऑक्टोबर २०२२च्या एका बिलावर लिहिलं होतं : वाळवी प्रतिबंधक उपचार, क्लोरपायरीफॉस २० ईसी, भिंतीलगत भोकं पाडून. त्याच वर्षीच्या मे महिन्याचं दुसरं बिल ग्रिल रंगवण्याचं. वॉचमन मामांना आठवलं की रंगारी दोन आठवडे खिडक्यांच्या ग्रिल तारेच्या ब्रशनं घासत होते आणि खाली अळवाच्या पानांवर रंगाची पापुद्री पडलेली असायची. त्यांनी ती झाडून तिथंच मातीत सारली होती.

गंज लागू नये म्हणून लोखंडाला पूर्वी शिशाच्या ऑक्साइडचा प्रायमर मारत. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडं २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आमच्या ग्रिल चाळीस वर्षांच्या, त्यांच्यावर रंगाचे सात-आठ थर. सगळे भीत होते गाळ्यांच्या भिंतीला, आणि शिशाचा आकडा चढला होता आमच्या स्वतःच्या खिडक्यांखाली.

वाळवीच्या औषधाचं गणित भावानं फोनवरच करून दाखवलं. क्लोरपायरीफॉस २० ईसी, म्हणजे वीस टक्क्यांचं औषध, वाळवीसाठी एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी असं मिसळतात, म्हणजे एक टक्का द्रावण. पिकावर फवारायची मात्रा लिटरला दोन मिली धरली, तर हे पंचवीस पट तीव्र. शेतातल्या मात्रेला ते काही आठवड्यांत, काही महिन्यांत विघटित होतं. वाळवीसाठी मुरवलेलं मात्र वर्षानुवर्षं टिकतं आणि टिकावं म्हणूनच ते मुरवतात. त्याच पट्टीत आजींचं अळू होतं.

मग ठरलं, दुसऱ्या फेरीत कीटकनाशकंही तपासायची.

ही फेरी १४ जानेवारी २०२४ला घेतली. या वेळी आधी प्रयोगशाळेत जाऊन सगळं विचारून, लिहून घेतलं. तुम्ही एवढाच परिच्छेद वाचलात तरी चालेल. धातूंसाठी आणि कीटकनाशकांसाठी नमुना घ्यायची रीत एकमेकींच्या अगदी उलट आहे. धातूंसाठी धातूचं काहीही लावायचं नाही : प्लास्टिकचं खुरपं (मी मुलाचं वाळूत खेळायचं फावडं घेतलं), नव्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, वाळवायला कोरा खाकी कागद, फोडायला लाकडी लाटणं, दोन मिलिमीटरची नायलॉनची चाळणी. वर्तमानपत्र नको, शाई लागते. कीटकनाशकांसाठी प्लास्टिक टाळायचं, कारण काही औषधं प्लास्टिकमध्ये शोषली जातात आणि प्लास्टिकमधलं काही मातीत उतरतं. स्टीलचा चमचा आणि गडद रंगाची काचेची बरणी. बरणी प्रयोगशाळाच देते, मागून घ्या. झाकणाखाली अॅल्युमिनियमची फॉइल. ही माती वाळवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. लगेच बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पोचवायची. आधी कीटकनाशकांचा नमुना घ्यायचा, मग धातूंचा.

खोलीचाही विचार केला. भाजीची मुळं वीतभर जातात म्हणून वाफ्यांत पंधरा सेंटिमीटर. पण मूल तोंडात घालतं ती वरची माती आणि रंगाची पापुद्रीही वरच पडते, म्हणून 'अ' पट्टीतली फक्त वरची पाच सेंटिमीटर घेतली.

तुलनेची माती कुठून आणायची? येऊरच्या किंवा बोरिवलीच्या जंगलातून मूठभर आणू, असं एकानं सुचवलं. तसं करू नका. राष्ट्रीय उद्यानातून माती उचलायला वनखात्याची परवानगी लागते. माझं माहेर कर्जतकडं आहे. आमच्या डोंगरउताराच्या पडीक जमिनीत, रस्त्यापासून लांब, माझ्या आठवणीत कधी औषध गेलेलं नाही. दगड तोच काळा. बाबांनी तिथली माती फावड्यानं खणायला घेतली होती, त्यांना व्हिडिओ कॉलवर थांबवून प्लास्टिकच्या मगनं काढायला लावली.

१५ तारखेला संक्रांत होती. मी रजा घेतली, सकाळी बर्फाचा डबा आणि पिशव्या घेऊन भांडुपहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरनं रबाळे. डब्यात समोर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "मासे का?" मी माती म्हटल्यावर त्यांनी ऐरोलीपर्यंत आपल्या लहानपणीच्या घणसोलीच्या भातखाचरांबद्दल सांगितलं. तेवढा वेळ या सगळ्या धावपळीतला सर्वांत सुखाचा.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो : कोणत्या निकषाशी तुलना करायची. आपल्याकडं शेतमातीतल्या धातूंसाठी सर्वांना लागू अशी एकच यादी मला हाती देता आली नाही, म्हणून तो मोकळा सोडला आणि तसं लिहून दिलं. गंमत अशी की खताला अशी यादी आहे. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टमध्ये शिसं १००, कॅडमियम ५, तांबं ३०० आणि जस्त १,००० मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा जास्त नको, असं स्पष्ट दिलंय. ती यादी मी छापून घेतली, ती पुढं कामी आली. आणखी एक : 'एकत्रित चाचणी'त सगळी औषधं येतात असं समजू नका. ग्लायफोसेट, पॅराक्वाट यांसारखी तणनाशकं आणि मँकोझेबसारखी बुरशीनाशकं तिच्यात येत नाहीत, त्यांच्या चाचण्या निराळ्या. तुमच्या माळ्यानं तणनाशक मारलं असेल तर ते नाव घेऊन मागा.

धातूंचे चार नमुने (अ, ब, क आणि कर्जत) ११,३२८ रुपये. कीटकनाशकांचे दोन (अ आणि ब) १२,९८० रुपये. रिपोर्ट पंधरा कामाच्या दिवसांत. मध्ये २२ आणि २६ जानेवारीच्या सुट्ट्या आल्या.

वाट बघताना मी वाचत होते. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं घरांभोवतीच्या मातीतल्या शिशाची तपासणीची पातळी ४००वरून २००वर आणली. ४०० हा आकडा तीस वर्षं चालत आला होता. मला त्यातून एवढंच समजलं की 'अ' पट्टीचा पहिला आकडा खरा असेल, तर जुन्या आणि नव्या कुठल्याच पातळीत तो बसत नाही.

रिपोर्ट ६ फेब्रुवारीला आले. या वेळी मी घरी येऊन, जेवून, टेबलावर कागद पसरून वाचले. क्रोमियम आमच्याकडं १७५ ते १८६, कर्जतला १८१. निकेलही तसंच. म्हणजे तो दगडच. प्लेटिंगवाल्या भिंतीलगत वेगळं काहीच नाही. तांबं आमच्याकडं १३५ ते १५०, कर्जतला १२८, म्हणजे पहिल्या रिपोर्टमधलं बाकीचं तांबं सासूबाईंच्या खलबत्त्याचं. शिसं कर्जतला १४. आमच्या 'ब' वाफ्यांत ५८, 'क'मध्ये ७१. शिशाचं पेट्रोल देशात २०००मध्ये बंद झालं, पण रस्त्याजवळच्या मातीत पडलेलं शिसं कुठं जात नाही. आणि 'अ' पट्टीत ४१२.

कीटकनाशकांत 'अ' पट्टीत क्लोरपायरीफॉस २.१, उपचाराला पंधरा महिने होऊन गेल्यावर. वाफ्यांत ०.०३. शिवाय दोन्हीकडं अगदी थोडं, ०.०१च्या आसपास, बीटा-एचसीएच. हा बीएचसीचा, म्हणजे गॅमेक्सिनच्या पावडरीचा, सर्वांत चिवट भाग. बीएचसीवर १९९७मध्ये बंदी आली. आजींचे यजमान जाऊन सोळा वर्षं झाली. मी आजींना तो कागद दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. "त्यांनी घरासाठीच टाकली होती गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "आजी, तेव्हा सगळेच टाकत होते. दुकानात उघड मिळायची." त्या काळी कोणालाच कोणी सांगितलं नव्हतं. याचा दोष त्या माणसावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बाकी नव्वदेक औषधांपुढं 'मोजता येण्याच्या मर्यादेखाली' असं होतं. त्याचा अर्थ शून्य नव्हे, त्या यंत्राला खात्रीनं मोजता येईल त्याहून कमी.

भाजीचं काय, हा प्रश्न उरलाच. विश्लेषक बाईंनी सांगितलं की शिसं मुळाशीच अडकतं, फळात फार जात नाही. वांगी, टोमॅटो, दुधी त्या मानानं सुरक्षित. पालेभाजीवर मातीची धूळ बसते, मुळ्या-गाजरांना माती चिकटलेली असते, तिथं जपायचं. कॅडमियम मात्र पालेभाजी सहज ओढून घेते, पण ते आमच्याकडं नव्हतं. फेब्रुवारीअखेर 'अ' पट्टीच्या कडेला उगवलेल्या लाल माठाच्या एकाच जुडीचे दोन भाग केले. एक तसाच, एक तीन पाण्यांतून धुतलेला. तपासणी २,१२४ रुपये. न धुतलेल्यात शिसं ०.४१, धुतलेल्यात ०.१७. पालेभाज्यांसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा ०.३ आहे. आपल्या आया भाजी तीन पाण्यांतून काढायच्या, त्याचा असा कागदावर आकडा बघून मला भरून आलं.

१० मार्चच्या मीटिंगमध्ये आवाज चढले. काहींचं म्हणणं, ती माती खणून टाका. हिशेब केला : चौदा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, वीस सेंटिमीटर खोल म्हणजे जवळपास पावणेदोन घनमीटर, अडीच टनांच्या आसपास. टाकायची कुठं? डेब्रिजवाला रात्री टेम्पो लावून कुठंतरी खाडीकाठी रिकामी करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या मुलांना नको असलेली माती दुसऱ्याच्या मुलांच्या दारात टाकायला मी तयार नव्हते आणि ते मी स्पष्ट बोलले. शिवाय खणताना धूळ उडणार ती वेगळीच. शेवटी ठरलं की माती जागेवरच झाकायची. पट्टीवर जाड जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर खडी, त्यावर पेव्हर. मे महिन्यात, पावसाआधी काम झालं. काम करणाऱ्यांना मास्क दिले आणि माती आधी पाण्यानं ओली करून घेतली.

मधल्या वाफ्यांवर दीड फुटी लाकडी खोकी ठेवली. त्यात भरायचं कंपोस्ट घेताना मी विक्रेत्यांकडं धातूंचा रिपोर्ट मागायचे, सोबत ती छापलेली यादी. तिघांनी नाही म्हटलं, चौथ्यानं काढून दिला. त्याच्याकडून घेतलं. त्या चिमुरडीसाठी कोपऱ्यात वाळूचा वेगळा हौद केला आणि बाहेर हात धुवायला नळ. मुलांच्या बाबतीत भाजीपेक्षा मातीचे हात तोंडात जाणं जास्त धोक्याचं असतं, म्हणून खरं तर तो नळ आधी बसवायला हवा होता.

आजींचं अळू काढावं लागलं. त्यांनी त्याचे कंद घासूनपुसून, धुऊन जूनमध्ये खोक्यात लावले. गणपतीत त्या अळवाचं फदफदं सगळ्या अकरा घरांत गेलं.

८ डिसेंबर २०२४ला पेव्हरच्या फटीतून, भिंतीलगतच्या मातीचा पुन्हा एक नमुना घेतला. ६,४९० रुपये. क्लोरपायरीफॉस ०.९. कमी होतंय, गेलेलं नाही. तपासण्यांचा एकूण खर्च ४१,४१८ रुपये झाला. त्यातले पहिले ८,४९६ वाचवता आले असते.

मीटर रूममध्ये आता परसाचा एक नकाशा लावलाय. कुठं काय निघालं, कुठं खाण्याचं लावायचं नाही, कोणत्या वर्षी कोणतं औषध मुरवलं. मागच्या आठवड्यात वाळवीवाले पाहणीला आले होते. वॉचमन मामांनी त्यांना ड्रिल मशीन खाली ठेवायला लावलं, वहीत औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घेतलं आणि मग मला हाक मारली.